नालीचं तरी विचारा

आज सुट्टी टाकून कुहीकडे गेलो होतो. गोसेखुर्द धरणामुळे उठवून बसवलेल्या एका गावठाणात ग्रामसभा होती. विषय नालीचा. नकाशा आधीच तयार, फक्त सह्या हव्या होत्या. (पुनर्वसनाच्या १८ नागरी सुविधांत गटारही येतं. धरणाची पायाभरणी १९८८ ची, नालीची चर्चा आता!)

मागून एक आजी उठली. "धरन बांधतानी नाई इचारलं, घर सोडतानी नाई इचारलं. आता नालीचं तरी इचारा ना बापा! पानी माह्याच दारात साचते."

सगळे गप्प. ग्रामसेवकाने नकाशा गुंडाळला अन् आजीच्या मागे चालू लागला. आम्हीही गेलो. उतार खरंच उलटा होता. नागपूरला परतताना गाडीत कोणीच फारसं बोललं नाही.