शिकागोतली शनिवार रात्र: लेक मिशिगन, डीप डिश आणि दहा मिनिटांचं दारूकाम

शिकागोत उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा फुकट आतषबाजी होते, हे बाहेरगावाहून आलेल्यांना सांगितलं की पटकन खरं वाटत नाही. चार जुलैचं ठीक आहे, पण उरलेल्या उन्हाळ्यात कशासाठी? कशासाठी असं काही नाही. मेच्या शेवटी येणाऱ्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या लेबर डेपर्यंत दर बुधवारी रात्री नऊला आणि शनिवारी दहाला तलावात आत गेलेल्या नेव्ही पिअर या धक्क्याजवळ पाण्यावरून दारूकाम उडवतात. तिकीट नाही, पास नाही. अट एकच, खेळ जेमतेम दहा मिनिटांचा असतो. त्या दहा मिनिटांसाठी जाऊ नका, पूर्ण संध्याकाळ काढून जा. जूनमधल्या एका शनिवारी आम्ही तसंच केलं.

मंडळी अशी: नेपरव्हिलचं एक जोडपं, शॉमबर्गहून आलेली नागपूरची मैत्रीण, मिलवॉकीहून गाडी हाणत आलेला कोल्हापूरकर आणि त्याची आई. काकूंचं माहेर तासगावकडचं. हे सांगायचं कारण म्हणजे त्या भागातल्या कवठे एकंदला दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीपुढे जे औट (तिथल्या दारूकामाचा एक प्रकार) उडतात, ते लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला आम्ही आतषबाजी दाखवायला निघालो होतो.

आधी जायचं कसं ते. उपनगरातून येत असाल तर गाडी स्टेशनवर लावा आणि मेट्रा ही उपनगरी रेल्वे पकडा. नेपरव्हिलहून बीएनएसएफ मार्गाची गाडी युनियन स्टेशनला आणून सोडते. तिकीट फोनवर व्हेंट्रा ॲपमध्ये निघतं आणि तेच ॲप शहरातल्या बस आणि 'एल' या शहरी रेल्वेलाही चालतं. युनियन स्टेशनहून १२४ नंबरची बस थेट नेव्ही पिअरला जाते. पिअरवरचं पार्किंग महाग असतं. शिवाय खेळ संपल्यावर सगळे एकाच वेळी गाड्या काढतात, आणि मग लोअर वॅकरच्या बोगद्यात जीपीएसही हात वर करतं. कोल्हापूरकरानेही शेवटी गाडी नेपरव्हिललाच ठेवली.

आम्ही चारच्या सुमारास उतरलो आणि ॲडम्स स्ट्रीटने सरळ पूर्वेला चालत गेलो. वीस-पंचवीस मिनिटांत मिशिगन अव्हेन्यू आणि समोर आर्ट इन्स्टिट्यूटचे सिंह. काकूंना तिथे जायचंच होतं, कारण ११ सप्टेंबर १८९३ ला सुरू झालेली सर्वधर्म परिषद याच इमारतीत भरली होती आणि विवेकानंद इथेच बोलले. बाहेरच्या रस्त्याच्या या तुकड्याला त्यांच्या नावाचा मानाचा फलकही आहे. दिव्याच्या खांबावर असल्याने तो सहज नजरेतून सुटतो, मान वर करून शोधा. संग्रहालय संध्याकाळी बंद होतं, तेव्हा आत जायचं असेल तर दुपारची गाडी पकडा.

जेवणाचा बेत नागपूरच्या मैत्रिणीने हातात घेतला होता, म्हणून तो नीट पार पडला. शिकागोचा डीप डिश पिझ्झा हा एरवीच्या पिझ्झाचा उलटा प्रकार: तळाशी खोलगट लोणीदार पोळी, तिच्यावर चीज, मग भाजी किंवा सॉसेज आणि सगळ्यात वर टोमॅटोचा जाडाभरडा सॉस. भट्टीत त्याला पाऊण तास लागतो. दुकानात जाऊन ऑर्डर दिली तर बाहेर ताटकळण्यातच संध्याकाळ जाते. तिने साउथ लूपमधल्या लू मालनाटीमध्ये गाडीत बसल्या बसल्याच ऑर्डर देऊन ठेवली होती. एक पालक घातलेला, एक सॉसेजचा, दोन्ही कापून. 'कापून' हे आवर्जून सांगा. बागेत बसून प्लास्टिकच्या सुरीने डीप डिश कापणं हे काम कोणावर येऊ नये. आणि आकार बघून ऑर्डर द्या. एरवी चार तुकडे खाणारा माणूस इथे दोनात गप्प होतो.

काकूंनी मात्र कोणालाही न विचारता तिखटमिठाच्या पुऱ्या, दहीभात आणि लसणाची चटणी डब्यात भरून आणली होती. "त्या पिझ्झाचं काय खरं नाही," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. पुऱ्या आधी संपल्या. पिझ्झावर लसणाची चटणी भुरभुरायची कल्पना कोल्हापूरकराची, आणि ती आता आमच्याकडे कायमची झाली आहे.

बसायला जागा निवडलीत की अर्धं काम झालं. नेव्ही पिअरवर उभं राहिलात तर आतषबाजी जवळून दिसते आणि तिच्याबरोबर लावलेलं संगीतही ऐकू येतं. लहान मुलं असतील, काही खायला-प्यायला हवं असेल, सेंटेनिअल व्हीलमध्ये बसायचं असेल तर तिथे जरूर जा. हा पाळणा २०१६ चा आणि जवळपास २०० फूट उंच आहे. जगातला पहिला फेरिस व्हीलही याच शहरात, १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात उभा राहिला होता. पण पिअरवर एक गोष्ट हमखास हुकते, ती म्हणजे शहर. उंच इमारती तुमच्या पाठीमागे राहतात.

म्हणून माझं मत दक्षिणेकडच्या काठाला. बकिंगहॅम फाउंटनपाशी या. उन्हाळ्यात दर तासाच्या ठोक्याला या कारंज्याचा मधला फवारा दीडशे फूट वर जातो, आणि अंधार पडल्यावर त्याला रंगीत दिवे आणि संगीत असतं. नऊचा खेळ इथे पाहायचा. स्वच्छतागृह इथेच आहे, पुढे काठावर मिळेलच असं नाही, तेव्हा सोय उरकून घ्या. मग समोर क्वीन्स लँडिंगच्या सिग्नलला लेक शोर ड्राइव्ह ओलांडायचा. १९५९ मध्ये राणी एलिझाबेथ जहाजातून इथे उतरली, त्यावरून हे नाव. सिग्नल सावकाश बदलतो आणि गाड्या भरधाव असतात; मुलांचा हात सोडू नका.

पलीकडे मन्रो हार्बर. समोर नांगरलेल्या शिडाच्या होड्या, डावीकडे सगळ्या उंच इमारती आणि त्यांच्या उजव्या टोकाला, पाण्यात आत गेलेला पिअर आणि त्यावरचा उजळलेला पाळणा. काठाच्या काँक्रीटवर चादर अंथरून बसता येतं. फक्त चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची वाट वेगळी आखलेली आहे ती बघा. सायकलच्या पट्ट्यात फोटो काढायला उभं राहिलात तर शिकागोकर मवाळ भाषेत बोलत नाहीत. आणखी जवळ जायचं असेल तर काठाकाठाने उत्तरेला ड्युसेबल हार्बरपर्यंत चाला; तिथून अंतर जवळजवळ निम्मं होतं. उलट, इमारतींच्या रांगेसकट अख्खा फोटो हवा असेल तर ॲडलर तारांगणाच्या टोकावर जा, पण तिथून परतायला पायपीट बरीच आहे.

दहा वाजता पहिला बाण वर गेला. उजेड आधी, आवाज नंतर. आम्ही बसलो होतो तिथून पिअर दोनेक किलोमीटर, त्यामुळे फूल उमलून विझायला लागलं की सहा सेकंदांनी धडाम. सुरुवातीला हे विचित्र वाटतं, मग त्याचाच खेळ होतो. शेजारच्या चादरीवरची मुलं मोठ्याने आकडे मोजत होती आणि पाचाला की सहाला यावर भांडत होती. संगीत इथपर्यंत पोचत नाही. मला त्याची उणीव भासली नाही, नागपूरकरणीला भासली.

वारा कुठून आहे हे निघण्याआधी बघून ठेवा. आमच्या रात्री तो शहराकडून तलावाकडे होता, त्यामुळे धूर पाण्यावर निघून गेला आणि शेवटचा सोनेरी मारा लख्ख दिसला. वारा पडलेला असला तर पहिल्या दोन-तीन मिनिटांनंतरची फुलं स्वतःच्याच धुरात फुलतात. जोरदार वारा किंवा वादळ असेल तर कार्यक्रम रद्दही होतो. नेव्ही पिअरच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी बघून निघा.

शेवटचा मारा झाला, काठावरून टाळ्या-शिट्ट्या आल्या आणि काकूंनी विचारलं, "संपलं?"

"संपलं, काकू."

"आमच्याकडं पहाटेपर्यंत चालतं." मग थोड्या वेळाने, चादर झटकताना, "रंग बाकी चांगले होते. ते जांभळं आमच्याकडं नाही बघितलं कधी."

यावरून कोल्हापूरकराचं डोकं चाललं. इलिनॉयमध्ये सामान्य माणसाला असले फटाके उडवायला बंदी आहे, पण राज्याची हद्द ओलांडून इंडियानात शिरलं की हायवेलगत फटाक्यांची मोठमोठी दुकानं लागतात. तिथून दिवाळीचा माल आणायचा बेत तो परतीच्या वाटेवर रचत होता. त्याच्या आईनेच तो हाणून पाडला. तुम्हीही या फंदात पडू नका.

आता किरकोळ पण कामाचं. जून-जुलैच्या सुरुवातीला सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, म्हणून बुधवारी नऊला आकाशात बराच उजेड उरलेला असतो. रंग नीट बघायचे तर शनिवार. मुलांना लवकर झोपवायचं असेल तर ऑगस्टमधला बुधवार चांगला, तोवर अंधार लवकर पडायला लागतो. दिवसा कितीही उकडलं तरी तलावाकाठी रात्री गार वारा सुटतो. एक जाकीट आणि काकूंसारखं कोणी बरोबर असेल तर शाल हवीच. बागेत दारू प्यायला मनाई आहे. जुलैअखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला लोलापलूझा हा मोठा संगीत महोत्सव असतो, त्या दिवसांत ग्रँट पार्कचा मोठा भाग बंद असतो, तेव्हा तो आठवडा टाळा. आणि परतीच्या मेट्राची वेळ सकाळीच बघून ठेवा. रात्री उशिरा दोन गाड्यांमध्ये तासभर किंवा जास्तही अंतर असू शकतं, त्यामुळे कारंज्याचा रात्रीचा शेवटचा खेळ पाहायचा मोह झाला तर आधी घड्याळ बघा.

पिझ्झा उरतोच. तो मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, तळ लगदा होतो. जाड तवा, मंद आच, वर झाकण, दहा-बारा मिनिटं. सॉस गरम होईपर्यंत खालची पोळी पुन्हा कुरकुरीत होते, आणि लसणाची चटणी उरली असेल तर तीही वरून घाला.