नॅसचा पत्ता पक्का करताना
नागपूरच्या उन्हाळ्यात भर दुपारी वीज गेली, की राउटर पुन्हा सुरू होतो आणि घरातल्या नॅसला (नेटवर्कला जोडलेल्या, फाइली साठवणाऱ्या यंत्राला) कधीकधी नवाच आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा ओळखक्रमांक, मिळतो. मग टीव्हीला आणि लॅपटॉपला तो सापडेनासा होतो. अशा वेळी नॅसमध्ये स्थिर पत्ता भरण्यापेक्षा राउटरच्या डीएचसीपी विभागात (जिथून उपकरणांना पत्ते आपोआप वाटले जातात) त्याचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क-हार्डवेअरचा ओळखक्रमांक, नोंदवून १९२.१६८.१.५० सारखा एखादा पत्ता राखून ठेवणे मला अधिक सोयीचे वाटते, कारण पुढे राउटर बदलून पत्त्यांची मालिका वेगळी आली, तरी नॅस आपोआप तिच्यात सामावतो. स्थिर पत्ताच हवा असेल, तर तो डीएचसीपीच्या वाटपाबाहेरचा निवडावा आणि गेटवे (बाहेर जाण्याचा मार्ग, म्हणजे राउटरचा पत्ता) व डीएनएस (संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधणारा सर्व्हर) हेही हाताने भरावेत. फाइली शेअर करण्यासाठी वापरला जाणारा ४४५ क्रमांकाचा पोर्ट (जोडणीचे दार) इंटरनेटकडे उघडणे मात्र, कोणी कितीही आग्रह केला तरी, टाळावे.