तगाद्याचं इंग्रजी

बारावीपर्यंत कॉमर्स मराठीतून केलं. ‘चिटणीसाची कार्यपद्धती’ असा भारदस्त नावाचा विषय होता आम्हाला. इंग्रजी माध्यमातली पोरं त्याला ‘एसपी’ म्हणून मोकळी व्हायची. ऋणको, धनको, घसारा, तेरीज, सगळं तोंडपाठ. मग सांगलीत आमच्या पाइप-फिटिंगच्या दुकानात आप्पांशेजारी बसलो आणि महिन्याभरात कळलं, की ऋणको (म्हणजे पैसे देणं लागणारा) नावाचा प्राणी पुस्तकाबाहेर कुणी पाहिलेलाच नाही. आप्पांच्या वहीत उधारीवाले होते आणि कॉम्प्युटरवरच्या हिशेबात, म्हणजे टॅलीत, सन्ड्री डेटर्स.

सन्ड्री म्हणजे किरकोळ, हे डिक्शनरीत बघितलं. या किरकोळांत एक बांधकामवाले तात्या होते, दीड लाखाचे. ‘डेटर’ला मी वर्षभर ‘डेब्टर’ म्हणत होतो. सीएंच्या ऑफिसातल्या ताईंनी हसू दाबत दुरुस्त केलं. नंतर वाचलं, की हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हताच; लॅटिन मूळ दिसावं म्हणून पंडितांनी मागाहून घुसवला. म्हणजे लिहायचा, पण उच्चारायचा नाही. आमच्या उधारीचंही तेच. वहीत ठळक, तोंडावर कुणी आणायची नाही.

सगळ्यात फजिती केली ती ‘आउटस्टँडिंग’ने. हा शब्द मला शाळेतल्या वक्तृत्वाच्या सर्टिफिकेटवरून माहीत. एके दिवशी माल पुरवणाऱ्याचा मेसेज आला, आमचं खातं आउटस्टँडिंग आहे म्हणून. मी आप्पांना अभिमानाने सांगितलं, “आपलं कौतुक केलंय त्यांनी.” आप्पा सातवी पास. वहीतून मान वर न करता म्हणाले, “किती मागतायत?”

डेबिट-क्रेडिटने वेगळाच घोळ घातला. पुस्तकात पाठ केलेलं, जे येते ते नावे, जे जाते ते जमा. मग खात्यात पैसे आले की बँकेचा मेसेज ‘क्रेडिट’ कसा म्हणतो? दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी उजेड पडला, की बँक तिची वही लिहिते, माझी नाही. तिच्या वहीत मी देणारा. थोडक्यात, ती माझी उधारीवाली! तेव्हापासून पासबुक भरायच्या रांगेत मी जरा ताठ उभा राहतो.

‘ओव्हरड्यू’, म्हणजे मुदत उलटून गेलेलं, हा शब्द मात्र ताईंनी नीट शिकवला. छोट्या कारखानदाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा एमएसएमई, म्हणजे लघुउद्योगांचा, कायदा म्हणतो, त्यानंतर व्याज चढतं. मी लगेच तात्यांचे दिवस मोजायला घेतले. ताई म्हणाल्या, “थांबा, तुम्ही दुकानदार.” दुकानदारांना २०२१ पासून ‘उद्यम’ या लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीत नाव घालता येतं, पण ते बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं. शब्द मिळाला, कायदा नाही मिळाला.

आप्पांचा तगादा मी लहानपणापासून पाहिलेला. तगादा हा शब्दही मुळात परकाच, फारशीतून आलेला. पण इतका मुरलाय, की नुसता ऐकला तरी कुणीतरी कडी वाजवतंय असं वाटतं. आप्पा कडी वाजवत नसत. संध्याकाळी तात्यांकडे जायचे, चहा व्हायचा, उसाच्या दरावर बोलणं व्हायचं, कुणाच्या तरी सोयरिकीची चौकशी व्हायची. पैशाचा विषय नाही. निघताना, एक पाय चपलेत घालून झाल्यावर, भिंतीकडे बघत म्हणायचे, “तेवढं बघा.” बस्स.

मला तेवढंही जमेना. तात्यांनी मला खांद्यावर बसवून गणपती दाखवलेले. त्यांना कुठल्या तोंडाने पैसे मागायचे? इंग्रजीच्या तोंडाने, हे मला सुचलं. ‘उधारी द्या’ म्हणताना जीभ जड होते, ‘पेमेंट पेंडिंग आहे’ म्हणताना होत नाही. जणू मी मागतच नाही, कुठलंसं मशीन आठवण करतंय. एका दुपारी मोबाइल काढला आणि तात्यांना धाडून दिलं: ‘डिअर सर, जेंटल रिमाइंडर. युवर पेमेंट इज ओव्हरड्यू. काइंडली डू द नीडफुल.’ वाचून माझं मलाच बरं वाटलं. एकही शब्द टोचणारा नव्हता.

तिसऱ्या दिवशी तात्या दुकानात. माझ्याकडे बघितलंही नाही. पन्नास हजारांचा चेक आप्पांच्या गल्ल्यावर ठेवला आणि म्हणाले, “आप्पा, पोरगं मला सर म्हणायला लागलं. म्हटलं, आपलं काहीतरी चुकलंच.”

आप्पांनी चहा सांगितला. उसाचा दर निघाला, पाऊस निघाला. मी कॉम्प्युटरच्या आड तोंड लपवून पन्नास हजारांची नोंद करत होतो. खाली बाकी दिसत होती, एक लाख. तात्या उठले. उंबऱ्याबाहेर वाकून चपला शोधायला लागले तसे आप्पा रस्त्याकडे बघत म्हणाले,

“तेवढं बघा.”