तुम्ही विचारलेत म्हणून : केप्लरच्या गुरूंविषयी

विज्ञान शिक्षकांपुढे बोलताना मी केप्लरचे गुरू मिखाएल मेस्टलिन यांचे नाव घेतो आणि ते घेतले की एक प्रश्न हमखास येतो. ज्या गृहस्थांना पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मनोमन पटले होते, त्यांनी स्वतःच्या पाठ्यपुस्तकात मात्र आयुष्यभर ती विश्वाच्या मध्यभागी स्थिर ठेवली; मग अशा माणसाचा आदर्श शिक्षकांनी का ठेवावा? प्रश्न रास्त आहे. दोन वाक्यांत त्याची बोळवण करणे मला कधीच बरे वाटले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मेस्टलिन यांचा जन्म १५५० साली जर्मनीतील व्यूर्टेम्बर्ग संस्थानात, ग्योपिंगेन गावी झाला. संस्थान लुथरपंथी, म्हणजे मार्टिन लुथरच्या प्रोटेस्टंट पंथाचे होते आणि होतकरू मुलांना सरकारी खर्चाने शिकवून त्यांच्यातून धर्मोपदेशक तयार करण्याची तिथे पक्की व्यवस्था होती. त्याच व्यवस्थेतून ते ट्यूबिंगेनला आले, धर्मशास्त्र शिकले आणि काही वर्षे बाकनांग येथे चर्चच्या सेवेतही राहिले. १५८० साली ते हायडेलबर्ग विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले, चार वर्षांनी ट्यूबिंगेनला परतले आणि १६३१ साली मृत्यू येईपर्यंत तिथेच शिकवत राहिले. जवळपास अर्धे शतक एकाच विद्यापीठात अध्यापन केलेला हा माणूस आज कोणाला आठवलाच, तर केवळ ग्रहांच्या गतीचे नियम मांडणाऱ्या योहानेस केप्लरचा शिक्षक म्हणून आठवतो.

शिक्षक म्हणून त्यांची घडण कशी झाली हे पाहायचे, तर १५७२च्या नोव्हेंबरकडे जावे लागते. शर्मिष्ठा तारकासमूहात एकाएकी एक नवा, विलक्षण तेजस्वी तारा दिसू लागला. मेस्टलिन तेव्हा बाविशीतले होते आणि त्यांच्यापाशी मोठी वेधयंत्रे नव्हती. त्यांनी एक दोरा घेतला. तो ताणून डोळ्यांपुढे असा धरला की नवा तारा आणि त्याच्या दोन बाजूंचे दोन ओळखीचे तारे एका रेषेत यावेत. मग अशीच दुसरी जोडी शोधली. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे नवा तारा. रात्र सरत जाते तसे आपण पृथ्वीबरोबर जागा बदलतो (किंवा जुन्या मताप्रमाणे आकाश आपल्याभोवती फिरते), त्यामुळे जवळची वस्तू दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेली दिसायला हवी. चंद्राच्या बाबतीत हे सरकणे सुमारे एक अंशापर्यंत जाते. हा तारा मात्र दोऱ्यावरून तसूभरही हलला नाही. याचा अर्थ तो चंद्राच्या कितीतरी पलीकडे होता, आणि चंद्रापलीकडे काहीही बदलत नाही ही ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली समजूत चुकीची होती. डेन्मार्कचा नामवंत खगोलवेत्ता टायको ब्राहे याच्याकडे उत्तम यंत्रे होती, तरी मेस्टलिन यांचा हा छोटेखानी प्रबंध त्याने पुढे आपल्या ग्रंथात वाखाणणीसह घेतला. पाच वर्षांनी आलेला धूमकेतूही चंद्रापलीकडचाच असल्याचा निष्कर्ष मेस्टलिन यांनी काढला. प्रयोगशाळा नाही म्हणून प्रयोग नाही, असे ज्या शाळांतून मला ऐकवले जाते, तिथे हा दोऱ्याचा वेध मी मुलांकडून आवर्जून करून घेतो.

आता पाठ्यपुस्तकाकडे वळतो. त्यांचा ‘एपिटोमे’ हा खगोलशास्त्राचा सारग्रंथ १५८२ साली निघाला, त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या आणि त्यात पृथ्वी स्थिर आहे हे खरे. तो ग्रंथ नवशिक्यांसाठी होता. उदय, अस्त, राशी, दिनमान, ग्रहणे हे सारे पृथ्वीवरून जसे दिसते तसे ज्याला मांडता येत नाही, त्याला पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणाऱ्या कोपर्निकसने काय बदलले हे कळणार तरी कसे? आपल्याकडे पंचांगात सूर्योदयाची वेळ आजही दिलेली असतेच आणि पाचवीच्या वर्गात आम्ही सुरुवात उगवत्या सूर्यापासूनच करतो. मेस्टलिन यांनी पहिली पायरी पक्की करून घेतली आणि जे विद्यार्थी गणितात पुढे गेले, त्यांना कोपर्निकस उलगडून दाखवला. त्या काळात हे करणारे प्राध्यापक युरोपभर शोधूनही फार थोडे सापडतात.

त्यांना स्वतःला काय पटले होते, याचा पुरावा कोपर्निकसच्या ग्रंथाच्या त्यांच्याजवळच्या प्रतीत आहे. १५७० साली, विद्यार्थीदशेतच घेतलेली ही प्रत आज स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेनच्या ग्रंथालयात आहे आणि तिचे समास बारीक अक्षरांतील टिपणांनी भरलेले आहेत. पुस्तकाच्या आरंभी एक निनावी प्रस्तावना आहे. या सिद्धान्ताने गणित जुळले म्हणजे पुरे, तो खरा असण्याची गरज नाही, असा तिचा सूर आहे. मेस्टलिन यांना तो मुळीच मानवला नाही. ही प्रस्तावना कोपर्निकसची नसून पुस्तकाच्या छपाईवर देखरेख करणारा धर्मोपदेशक आंद्रेआस ओसिआंडर याची आहे, अशी नोंद त्यांनी आपल्या प्रतीत करून ठेवली. सिद्धान्ताकडे निव्वळ आकडेमोडीची सोय म्हणून पाहणारा माणूस अशा प्रस्तावनेवर हरकत घेत बसला नसता.

त्यांच्या शिकवण्यातला मला सर्वांत प्रिय असलेला भाग चंद्रकोरीचा आहे. बीज-तृतीयेच्या संध्याकाळी कोरीच्या कवेत चंद्राचा उरलेला गोल राखाडी, अंधुक उजेडात दिसतो. हा उजेड चंद्राचा स्वतःचा की शुक्राचा, असे तर्क तेव्हा चालत. मेस्टलिन यांनी सांगितले की तो आपलाच आहे: सूर्यप्रकाश पृथ्वीवर पडतो, तिथून परावर्तित होऊन चंद्रावर जातो आणि पुन्हा आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. आपल्याला चंद्राची कोर दिसते तेव्हा चंद्रावरून पृथ्वी जवळजवळ पूर्ण उजळलेली दिसते, म्हणून तो उजेड त्या दिवसांत अधिक असतो आणि कोर मोठी होत जाते तसा ओसरतो. या साध्या स्पष्टीकरणाच्या पोटात केवढी मोठी गोष्ट आहे पाहा: पृथ्वीही चकाकते, म्हणजे तीही इतर ग्रहांसारखीच आहे. केप्लरने १६०४ साली प्रकाशशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात हे स्पष्टीकरण दिले, तेव्हा ते आपल्या गुरूंचे असल्याचे नावानिशी सांगितले.

श्रद्धेचा प्रश्नही याला जोडून येतो. मेस्टलिन पक्के लुथरपंथी होते. त्यांचे स्वतःचे शिक्षक फिलिप आपियान यांनी पंथाची अधिकृत मते नोंदवणाऱ्या ‘एकमत संहिते’वर सही करण्यास नकार दिला, म्हणून ट्यूबिंगेनचे अध्यासन गमावले, मेस्टलिन यांनी सही केली आणि ते अध्यासन त्यांच्याकडे आले. ही गोष्ट मला सलते आणि ती झाकून ठेवावी असे मला वाटत नाही. तरीही त्यांची सही निव्वळ नोकरीसाठी होती, असे मी मानत नाही. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली दहा दिवस गाळून नवे कॅलेंडर आणले, तेव्हा मेस्टलिन यांनी गणित आणि धर्म या दोन्ही अंगांनी त्याला जाहीर विरोध केला. त्यांची पुस्तके पुढे रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेली. घरीही त्यांच्या श्रद्धेची कसोटी लागली. १५७७ साली विवाहबद्ध झालेली त्यांची पत्नी मार्गारेट १५८८ साली वारली आणि लहान मुले मागे राहिली; पुढच्या वर्षी त्यांनी दुसरा विवाह केला. त्या संसारातील ऑगस्ट नावाचे बाळ जेमतेम महिन्याचे असताना गेले आणि ते दुःख त्यांनी पत्रातून व्यक्त केले. सारे घर सांभाळून त्यांनी वर्ग सुरू ठेवले आणि रात्रीचे वेधही.

त्यांच्या शिक्षकपणाची खरी कसोटी १५९६ साली लागली. ऑस्ट्रियातील ग्रात्सच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या पंचविशीच्या केप्लरने आपले पहिले पुस्तक, ‘मिस्टेरियम कॉस्मोग्राफिकम’, छपाईसाठी ट्यूबिंगेनला पाठवले. मेस्टलिन यांनी विद्यापीठाकडे त्याची शिफारस केली, मात्र एक सूचनाही केली: वाचकाला कोपर्निकस आधीच ठाऊक आहे असे गृहीत धरून लिहिले आहे, ते सोपे करून सांगायला हवे. ही अस्सल शिक्षकाची सूचना आहे. मग त्यांनी ग्रहांच्या अंतरांची आकडेमोड करून दिली, छापखान्यात बसून आकृत्या आणि कोष्टके तपासली आणि कोपर्निकसचा शिष्य ऱ्हेटिकस याने लिहिलेला त्या सिद्धान्ताचा पहिला परिचय स्वतःच्या प्रस्तावनेसह पुस्तकाला जोडला. या व्यापात कॅलेंडरविरोधी लेखनाचे त्यांच्याकडे सोपवलेले काम रखडले आणि विद्यापीठाचे बोल त्यांना ऐकावे लागले. अशा सूर्यकेंद्री पुस्तकावर ज्यांनी आपले नाव आणि वेळ खर्च केला, त्यांना भित्रे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुढे दोघांत अंतर पडले. केप्लर प्रागला गेल्यानंतर काही वर्षे गुरूंनी त्याच्या पत्रांना उत्तरच दिले नाही. तो विनवीत राहिला. ग्रहांच्या गतीमागे सूर्याचे बल आहे हा केप्लरचा विचार त्यांना अखेरपर्यंत रुचला नाही. १६१६ साली त्यांनी त्याला कळवले की खगोलशास्त्रात भौतिक कारणे आणू नयेत, तिथे भूमिती आणि अंकगणित यांचेच काम आहे. इथे गुरू चुकले आणि शिष्य बरोबर ठरला, हे मी वर्गात स्पष्ट सांगतो. तसेच केप्लरने त्याच संहितेवर बिनशर्त सही करण्यास नकार दिल्यामुळे ऑस्ट्रियातील लिंझला त्याला प्रभुभोजन या चर्चमधील पवित्र विधीपासून दूर ठेवण्यात आले, हेही सांगतो. सही करणारे गुरू आणि न करणारा शिष्य, दोघेही आपल्याला मनापासून लुथरपंथीच म्हणवीत.

१६१८ ते १६२१ या काळात केप्लरने कोपर्निकसच्या खगोलशास्त्राचे पाठ्यपुस्तक भागाभागांनी प्रसिद्ध केले. ते प्रश्नोत्तररूपात आहे, विद्यार्थ्याला हाताशी धरून पुढे नेणारे आहे, आणि त्याचे नाव त्याने ‘एपिटोमे’ असेच ठेवले. मेस्टलिन तेव्हा सत्तरीच्या घरात होते. गुरूंचा जुना ‘एपिटोमे’ १६२४ साली पुन्हा छापला गेला, म्हणजे जर्मनीतल्या एखाद्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी गुरूंचे पुस्तक आणि पुढच्या वर्षांत शिष्याचे पुस्तक हाती घेता येत होते, ज्या क्रमाने स्वतः केप्लर ट्यूबिंगेनला शिकला होता.