जिप्सी अपडेट: ३८ हर्ट्झचा चोर सापडला

स्पर्धेसाठी तयार होत असलेल्या माझ्या जिप्सीची थरथर कुठून येते ते अखेर कळलं, मंडळी. इतके दिवस ज्यांच्या नावाने बोटं मोडत होतो ते सगळे निर्दोष निघाले. क्रॉस (शाफ्टच्या दोन टोकांचे, कोनात फिरू देणारे सांधे) ठीक, प्रॉपेलर शाफ्टचं (मागच्या ॲक्सलला जोर नेणाऱ्या दांड्याचं) बॅलन्सिंग ठीक, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीच्या) बेअरिंगांना खेळ नाही. चोर आहे मागची कमान, म्हणजे पट्ट्यांची लीफ स्प्रिंग. ॲक्सिलरेटर दाबला की ती इंग्रजी एस अक्षरासारखी वळते, ॲक्सलचं हौसिंग (बाहेरची नळी) तिच्यासोबत फिरतं आणि पिनियनचं (शाफ्ट ॲक्सलला जिथे जोडतो त्या गिअरचं) नाक वर उचललं जातं. म्हणजे तोच आपला नेहमीचा ॲक्सल रॅप. लोक त्याला टेकडी चढताना चाक उड्या मारतं तेव्हाच आठवतात. माझ्याकडे उड्या नव्हत्या, नुसती गुरगुर होती, म्हणून त्याचं नाव यादीत पार तळाला होतं.

स्प्रिंग-ओव्हर केल्यापासून, म्हणजे गाडी उंच करायला कमान ॲक्सलच्या खालून वर घेतल्यापासून, ३५ ते ४५च्या वेगात सीटखाली जे सुरू व्हायचं ते नियमित वाचणाऱ्यांना पाठ असेल. तिसऱ्या गिअरमध्ये आणि चौथ्यात ते एकाच वेगाला यायचं, म्हणजे इंजिनच्या आरपीएमशी संबंध नाही. टायर अदलाबदल केले, फरक नाही. यापुढे अंदाज बांधत पार्ट बदलत बसण्यापेक्षा मोजायचं ठरवलं. फोन सीटच्या रेलला क्लॅम्पने आवळला आणि व्हायब्रेशनचा आलेख काढणारं ॲप सुरू केलं.

हिशोब सोपा आहे. माझे ३१ इंची टायर वजनाखाली दबून एका फेऱ्यात साधारण २.४ मीटर जातात. ताशी ४० किमी म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर, म्हणजे चाकाचे ४.६ फेरे. डिफचा (ॲक्सलमधल्या डिफरन्शियलचा) रेशो ४.११, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे ४.११, तेव्हा शाफ्ट सेकंदाला १९ फेरे फिरतो. बॅलन्सिंगची गडबड असेल तर आलेखात उंचवटा १९ हर्ट्झला दिसायला हवा. क्रॉसच्या कोनांची गडबड असेल तर ३८ला, कारण क्रॉस दर फेऱ्याला दोनदा शाफ्टचा वेग कमीजास्त करतो. माझा उंचवटा ३८ला, सुळक्यासारखा. १९ला किरकोळ टेंगूळ.

करून बघणार असाल तर एक सांगतो. पुष्कळ फोन ॲपमध्ये सेकंदाला शंभरच्या आसपास नोंदी घेतात, त्यामुळे ५० हर्ट्झच्या वरचं काही खरं दिसत नाही, ते उलटून ५०च्या खाली उमटतं. हीच चाचणी ६०च्या वेगाला केलीत तर ५७चा उंचवटा ४३ला उगवेल आणि तुम्ही भलत्याच पार्टच्या मागे लागाल. चाचणी ४०लाच करा.

तर कोनांची गडबड. पण उभ्या गाडीवर कोन चोख होते. ट्रान्सफर केसचा आउटपुट आणि पिनियन समांतर, दोन्ही टोकांना क्रॉसचा कोन १४ अंश, दोन्ही योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत. मग घोडं कुठे पेंड खात होतं? उत्तर मिळालं ते पाय काढल्यावर. त्याच वेगात, त्याच गिअरमध्ये पाय उचलला की ३८चा सुळका जवळजवळ सपाट. पुन्हा दाबला की हजर. बेअरिंग किंवा बॅलन्स असा पायाच्या इशाऱ्यावर वागत नाही. चेसिसच्या खालच्या बाजूला ॲक्शन कॅमेरा लावला, हौसिंगवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली आणि चित्र थांबवून थांबवून पाहिलं. जोर दिल्यावर पिनियन सुमारे ५ अंश वर जातो.

पाच अंश ऐकायला फार वाटत नाहीत. इथेच ते गणित येतं जे मला आधी कुणी समजावलं असतं तर बरं झालं असतं. दोन क्रॉस एकमेकांचा दोष खोडतात, पण कोन सारखे असतील तेव्हाच. उरलेला दोष कोनांच्या वजाबाकीइतका नसतो. दोन्ही कोनांचे वर्ग करा, वजा करा, वर्गमूळ काढा, तितक्या अंशाचा एकटा क्रॉस असल्यासारखी गाडी थरथरते. पुढे १४, मागे पिनियन उचलल्यामुळे ९. म्हणजे १९६ वजा ८१, वर्गमूळ जवळजवळ १०.७. हा आकडा ३च्या आत असावा असा सर्वसाधारण संकेत आहे. कंपनीच्या उंचीच्या गाडीत कोन ५ आणि ६ असतील तर एका अंशाच्या फरकाने ३.३ येतात. तोच एक अंशाचा फरक १४ आणि १५मध्ये असेल तर ५.४. उंच केलेली गाडी इतकी नाजूक का होते, ते यात आलं.

आता शिमबद्दल, म्हणजे कमान आणि ॲक्सलच्या मधे घालायच्या पाचरीसारख्या पट्ट्यांबद्दल. ज्याला विचारावं तो म्हणतो, पाचरी शिम घाल, पिनियन थोडा खाली झुकव, जोर आल्यावर तो आपोआप समांतर येईल. अडीच अंशांच्या स्टीलच्या शिम घातल्या. उभ्या गाडीत मागचा कोन झाला १६.५, जोरात ११.५. पहिल्या स्थितीत उरलेला दोष ८.७, दुसऱ्यात ८. त्रास दोन्ही बाजूंना सारखा वाटला गेला, इतकंच. पूर्वी पाय काढल्यावर तरी शांतता होती, आता तीही गेली. शिम वाईट नाहीत, पण पाच अंश हलणाऱ्या हौसिंगवर शिम हा उपाय नव्हे. आणि कुणी ॲल्युमिनियमच्या घेऊ नका, कमान ॲक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टच्या दाबाखाली त्या हळूहळू पसरतात आणि मग यू-बोल्ट सैल.

स्प्रिंग-ओव्हरमुळेच हे वाढलं का? वाढलंच. टायर जमिनीला जो जोर लावतो तो कमानीपर्यंत पोचतो, आणि जमिनीपासून कमानीच्या बैठकीपर्यंतची उंची ही तरफेची लांबी. मूळ जिप्सीत कमान ॲक्सलच्या खाली असते. माझ्या गाडीवर टेप लावला तर कमान खाली धरून ही उंची साधारण ३२ सेंमी, वर घेतल्यावर ४४. कमान तीच, तिच्यावरची पिळवटणूक एक तृतीयांशाहून जास्त वाढली. त्यात आर्टिक्युलेशनसाठी (चाकं मोकळेपणाने वरखाली होण्यासाठी) कमान मऊ ठेवलेली. मऊपणा मला सोडायचा नाही, स्पर्धेत खड्ड्याखड्ड्यांच्या स्टेजवर तोच वेळ वाचवतो.

म्हणून अँटी-रॅप बार, म्हणजे हौसिंगला फिरू न देणारा दांडा. हौसिंगवर वर आणि खाली अशा दोन जागी धरलेला, तिथून पुढे चेसिसच्या आडव्या मेंबरपर्यंत जाणारा, आणि पुढच्या टोकाला शॅकलवर (हलत्या दुव्यावर) लटकणारा. शॅकल हवाच. कमान दबताना ॲक्सल किंचित मागे सरकतो, पुढचं टोक पक्कं केलंत तर बार आणि कमान एकमेकांशी भांडतात आणि काहीतरी फाटतं. लांबी शाफ्टच्या जवळपास ठेवली, म्हणजे दोघांचा वरखाली होण्याचा वळणमार्ग सारखा राहतो. ट्रान्सफर केसच्या ब्रॅकेटला बार जोडायचा मोह होतो, जागा अगदी सोयीची आहे. पण आपल्या गाडीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, तिच्या स्वतःच्या रबरांवर बसलेली. तिथे बार जोडला तर सगळा धक्का त्या रबरांना.

हौसिंगवरचं वेल्डिंग मी स्वतः केलं नाही, वेल्डिंगवाल्या काकांकडे दिलं. त्यांनी बोटभर लांबीचे टाके समोरासमोर मारले, मधे थंड होऊ दिलं, पाणी अजिबात मारलं नाही. सलग मारलं असतं तर नळी केळ्यासारखी वाकली असती. दोन्ही बाजूंचे हाफ शाफ्ट (चाकं फिरवणारे नळीतले दांडे) नंतर हाताने आत सरकले, त्या आवाजासाठी मी काहीही द्यायला तयार आहे.

पुढच्या टोकासाठी मागवलेल्या रॉड-एंडबद्दल (गोळ्यावर फिरणाऱ्या सांध्यांबद्दल) मात्र न बोललेलं बरं. फोटोत सुरेख, हातात घेतल्यावर गोळा खुळखुळतो. परत पाठवले. तसंही चिखलात उघडा रॉड-एंड म्हणजे वाळूचा पाटा-वरवंटा. साधा रबरी बुश लावला. पॉलीयुरेथेन नको, बारच्या टोकाला थोडं पिळणं लागतंच, पॉली ते देत नाही.

निकाल: पाच अंशांचे दीड झाले आणि ३८चा सुळका निम्म्याच्याही खाली आला. बार फक्त टॅक केलेला (तात्पुरत्या टाक्यांवर) असताना! चढावर पहिल्यात पाय पूर्ण दाबून सोडला तरी ॲक्सल फारसा हलला नाही. १.३ लिटरच्या इंजिनकडून चढावर जे काही मिळतं ते आता कमान वळवण्यात वाया जात नाही, हा फायदा थरथर जाण्यापेक्षा मोठा वाटतोय.

उरलेल्यासाठी योजना होती शिम बदलून पाऊण अंशाच्या घालायच्या. पण हे लिहिताना आकडे पुन्हा मांडतोय तर वेगळंच दिसतंय. मागे कमानीला कंपनीच्यापेक्षा दोन इंच लांब शॅकल आहेत. शॅकल कमानीच्या मागच्या टोकाला, म्हणजे ते टोक खाली ढकललं जातं आणि पिनियनचं नाक वर होतं. मीटरभर लांबीच्या कमानीवर दोन इंच म्हणजे जवळजवळ तीन अंश! कंपनीचे शॅकल परत लावले तर पिनियन आपोआप खाली येईल, गाडी मागून इंचभर बसेल, आणि शाफ्टचा कोनही दीडएक अंशाने उतरेल. कोन उतरला की त्या वर्गांच्या वजाबाकीत सगळंच सुधारतं. तीन अंश मला जास्त होतात, तेव्हा शिम लागली तर उलट्या दिशेने, बारीकशी. वर गुरुत्वमध्य खाली येतो ते वेगळं. तोटा एकच, टायर आर्चला (चाकावरच्या पत्र्याला) घासेल, म्हणजे बंप स्टॉप (ॲक्सलला वर जाताना अडवणारे ठोकळे) लांबवावे लागतील. चालेल.

डबल कार्डन शाफ्टचा (ट्रान्सफर केसच्या टोकाला जोडीने दोन क्रॉस असलेल्या) विचार अजून डोक्यातून जात नाही. त्यात पिनियन सरळ ट्रान्सफर केसकडे रोखायचा, मागचा कोन शून्य, मग पाच अंश रॅप झाला तरी दोष पाचच, १०.७ नाही. कागदावर देखणं. पण कमानीच्या बैठका कापून पुन्हा वेल्ड करा, पिनियन इतका वर केल्यावर त्याच्या पुढच्या बेअरिंगला तेल पोचेल का ते बघा, आणि मधल्या सेंटरिंग बॉलला चिखलापासून वाचवा. स्पर्धेआधी नाही.

बाकी भराभर. डिफ आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळ्या) स्नॉर्केलच्या (इंजिनला वरून हवा देणाऱ्या नळीच्या) उंचीला नेले. कटऑफ स्विच (गाडीची सगळी वीज एकदम तोडणारा) बदलला. जुना दोन टोकांचा होता, बॅटरी तोडली तरी अल्टरनेटरवर इंजिन चालूच राहायचं, स्पर्धेच्या तपासणीत पहिल्या फटक्यात नापास. आता इग्निशनही तोडणारा, अल्टरनेटरसाठी रेझिस्टरवाला आहे. निळ्या त्रिकोणातल्या लाल विजेचा स्टिकर १२ सेंमी पायाचा लागतो, आधी आणलेला छोटा निघाला. विंचला (अडकलेली गाडी ओढून काढणाऱ्या यंत्राला) सिंथेटिक दोर चढवला. ज्या विंचचा ब्रेक दोर गुंडाळण्याच्या ड्रमच्या आत असतो, तिच्यावर दोराच्या पहिल्या थराला उष्णतेचं आवरण घाला, वजन सोडताना ड्रम चांगलाच तापतो. यू-बोल्ट नवे आहेत, टॉर्क पान्याने आवळलेत, पहिल्या चाचणीनंतर पुन्हा आवळणार. इम्पॅक्ट गनने यू-बोल्ट आवळणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या मागे गाडी चालवत नाही.

क्रम असा: शॅकल, कोन पुन्हा मोजणे, मग बारचं पक्कं वेल्डिंग. मॅग्नेटवाला डिजिटल कोनमापक वापरतोय आणि तो पिनियनच्या फ्लँजच्या मशीन केलेल्या तोंडावरच टेकवतोय, फोनची गोल कड तिथे उपयोगाची नाही. कंपनीच्या शॅकलवर स्प्रिंग-ओव्हर चालवणारं कुणी असेल तर सांगा, पूर्ण दबल्यावर ३१ इंची टायरला आर्चपासून किती जागा राहते? आणि बंप स्टॉप किती लांबवलेत?