कोऱ्या सिबिलवर पहिली नोंद

एफडी तारण ठेवून जे क्रेडिट कार्ड मिळतं, त्याला नकार येत नाही असं सगळेच सांगतात. पैसे तुमचेच, ठेवलेले बँकेकडेच, तुम्ही बुडवलं तर बँक एफडी मोडून वसूल करणार. मग अडायचं कशाला? तरी मला नकार आला. मोबाइलवर एका ओळीचा मेसेज, अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही. बस.

नागपूरच्या नंदनवन भागात माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको, लग्नसराईत घागरे. कॉम्प्युटरवर चालणारं एम्ब्रॉयडरी मशीन घ्यायचं होतं, त्यासाठी कर्ज विचारायला गेले तर पहिला प्रश्न, सिबिल किती, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणारा स्कोअर किती? किती म्हणजे नव्हतंच. घर सासऱ्यांचं, गाडी यांच्या नावावर. मी कर्ज काढलं ते पतसंस्थेतून आणि बचत गटातून. पतसंस्थेचा एक हप्ता कधी मागे राहिला नाही, पण आमची पतसंस्था सिबिलला काही कळवतच नव्हती, आणि गटाचं कर्ज गटाच्या नावावर. इतवारीतल्या ज्या काकाजींकडून मी अस्तर आणि कापड उचलते, ते दिवाळीच्या आधी लाखभराचा माल वहीत एक ओळ लिहून देऊन टाकतात. बँकेच्या कॉम्प्युटरला ती वही दिसत नाही. म्हणून पहिली नोंद पडावी यासाठी ते एफडीवरचं कार्ड मागितलं होतं.

नकारानंतर पहिलं काम मी केलं ते स्वतःचा रिपोर्ट काढण्याचं. आपल्याकडे अशी नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्कोअर ३०० ते ९०० मधला असतो. माझ्या रिपोर्टात त्या जागी उणे १ होतं. वाचून पोटात गोळा आला, पण तो वाईट शेरा नाही. इतिहासच नाही, एवढाच त्याचा अर्थ. कर्ज थकवलेल्या माणसापेक्षा मी बरी होते, फक्त ते मोजायला कोणाकडे काही नव्हतं.

‘ताई, चार बँकांत टाका न अर्ज, कुठं तरी लागून जाईल,’ शेजारच्या मोबाइल दुकानातला पोरगा म्हणाला. मी ऐकलं नाही. आपण आपला रिपोर्ट कितीही वेळा पाहिला तरी स्कोअरला धक्का लागत नाही, पण तुमच्या अर्जावरून बँकेने पाहिला की ती चौकशी म्हणून नोंदली जाते. थोड्या दिवसांत अशा चौकश्या साचल्या की पुढच्या बँकेला वाटतं, ही बाई दारोदार कर्ज मागत फिरून राहिली. ज्या रिपोर्टात काहीच नाही, त्यात पहिल्या नोंदी अशा पडलेल्या मला नको होत्या.

त्यापेक्षा नकाराचं कारण काढायचं ठरवलं. माझ्या मुलाने रिझर्व्ह बँकेचे कार्डांविषयीचे २०२२ चे निर्देश शोधून काढले. अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवायचं, असं त्यात स्पष्ट आहे. शाखेत गेले तर काउंटरवरचे साहेब म्हणाले, ‘असं लेखी देत नाही मॅडम आम्ही.’ मी वाद घातला नाही. त्या कलमाची प्रिंट जोडून साधा मराठीत अर्ज लिहिला, दोन प्रती नेल्या आणि एकीवर पोचेचा शिक्का घेतला. शिक्का मारताना साहेबांचा आवाज जरा खाली आला होता, हे मात्र सांगितलंच पाहिजे. ज्या रिझर्व्ह बँकेचे हे नियम, तिची इमारत संविधान चौकात आहे. बर्डीला जाता-येता वर्षानुवर्षं मी ती नुसती बाहेरून पाहत आले.

उत्तर ईमेलवर आलं. कारणं दोन. एक, एफडी माझ्या आणि सासूबाईंच्या जोडनावावर होती आणि त्या बँकेला कार्डासाठी एकट्याच्या नावाची एफडी लागत होती. दुसरं, पॅन आणि आधारवरची नावं जुळत नव्हती. पॅन लग्नाआधीचं, म्हणजे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आधार सासरच्या नावाचं. आपल्याकडे अर्ध्या बायकांची कागदपत्रं अशी दोन घरांत वाटलेली असतात, आणि रोजच्या व्यवहारात काही अडत नाही. कार्डाच्या अर्जात कॉम्प्युटर नाव जुळवतो, तिथं अडतं.

पॅन दुरुस्त करायला लग्नाचा दाखला जोडायचं ठरवलं, आणि आमच्या लग्नाची नोंदच नव्हती. महापालिकेच्या झोन कार्यालयात उशिराची नोंदणी होते. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, तीन साक्षीदार. पत्रिका सासूबाईंच्या ट्रंकेत पितळी भांड्यांच्या खाली निघाली. भटजी आता हयात नाहीत, त्यांच्या सहीच्या जागी प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं. साक्षीला माझे दोन्ही दीर आणि नणंद आले. लग्नात मिरवलेली मंडळी इतक्या वर्षांनी ‘हो, झालं होतं यांचं लग्न’ असं लिहून देत होती. नणंद म्हणे, ‘वहिनी, आता तरी अहेर नीट दे बाप्पा.’ या सगळ्यात सर्वांत जास्त वेळ गेला. त्यापुढे पॅनची दुरुस्ती ऑनलाइन झाली. नवीन पॅन आल्यावर बँकेत केवायसी पुन्हा करून घेतली. ते राहिलं असतं, तर बँकेकडे जुनंच नाव बसून राहिलं असतं.

मग दुसऱ्या बँकेत, फक्त माझ्या नावावर २५,००० ची एफडी केली. करबचतीची नाही, साधी, कारण पाच वर्षांची करबचत एफडी तारण ठेवता येत नाही. त्यावर २०,००० मर्यादेचं कार्ड आलं. रुपे कार्ड मागून घेतलं होतं, कारण ते यूपीआयला जोडता येतं. गांधीबागेत दोरे-बटणं-लेस घेताना स्कॅन केलं की पैसे कार्डातून जातात. काकाजींकडे मात्र जमलं नाही. त्यांचा क्यूआर दुकानाचा नव्हता, त्यांच्या स्वतःच्या खात्याचा होता, आणि त्यावर क्रेडिट कार्ड चालत नाही. ‘राहू दे बेटा, वही आहे न,’ ते म्हणाले.

कार्ड वापरायची माझी पद्धत कंजूष आहे. महिन्याला पाच-सहा हजारांच्या वर जायचं नाही, म्हणजे मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत. तीस हा काही कायदा नाही, बँकवाले सांगतात तो अंदाज. बिल आलं की पूर्ण भरायचं. बिलावर ‘किमान देय’ म्हणून एक गोंडस रक्कम छापलेली असते. तेवढीच भरली तर उशिराचा दंड लागत नाही, पण उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. वर्षाचा हिशेब केला तर चाळीस टक्क्यांच्या पुढे जातो. आमच्या गल्लीतला सावकार बरा. मी खात्यातून पूर्ण रक्कम आपोआप वळती होईल असं लावून ठेवलं.

लग्नसराईच्या मालासाठी तशीही रोकड लागणार होती, म्हणून एक छोटं सोनं तारण कर्ज काढलं. त्यात एक गोष्ट मुद्दाम विचारली: एकदम शेवटी फेडायचं, की दर महिन्याला हप्ता? बहुतेकांना पहिलं सोयीचं वाटतं. मी हप्त्याचं घेतलं, म्हणजे दर महिन्याला वेळेवर भरल्याची एक नोंद पडणार. नुसती नोंद पडावी म्हणून गरज नसताना व्याज भरणं मला पटत नाही. मला पैसे हवेच होते.

बर्डीत भिंतींवर ‘सिबिल दुरुस्त करून देऊ’ अशी पत्रकं चिकटवलेली असतात. एकाला फोन करून पाहिला. आधी पैसे मागितले, मग ओटीपी. फोन ठेवून दिला. चूक नोंद असेल तर तक्रार आपल्याला स्वतःला फुकट करता येते. आणि नोंद खरी असेल, तर पैसे घेऊन ती पुसून देणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

सहा महिने उलटल्यावर उणे १ च्या जागी ७४१ आलं. मशीनचं कर्ज मंजूर झालं, व्याजदर मला हवा होता त्यापेक्षा अर्धा टक्का जास्त, पण सही केली. मशीन आलं आहे आणि सध्या त्याच्यावर मोर सोडून दुसरं काही कोणी मागत नाही.

एक काम राहिलंय. सिबिलमध्ये सगळं बरोबर दिसतं, पण बाकीच्या तिघींपैकी एकीच्या रिपोर्टात माझं माहेरचंच नाव आहे आणि सोनं तारण कर्ज गायब आहे. तक्रार टाकून ठेवली आहे. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई द्यायची, असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आहे. शंभर रुपये म्हणजे एका साडीचं फॉल-पिको. मी सोडणार नाही.