छप्पर दीड इंच खाली: टेबलावरच्या दोन मिनी

मंडळी, मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीची दोन मॉडेलं करतोय. त्यातल्या स्प्रिंटचं, म्हणजे कापून बुटक्या केलेल्या मिनीचं, छप्पर बसलं! पुट्टीचा पहिला हात झालाय, सांधे घासून प्रायमरही मारलाय. प्रायमरखाली तो बुटका आकार पहिल्यांदाच सलग दिसला आणि बराच वेळ मी ती गाडी नुसती फिरवून फिरवून बघत बसलो. दुसरी गाडी ट्विनी, म्हणजे दोन इंजिनांची मिनी. तिचं मागचं इंजिन आता जागेवर ठेवून बघता येतं.

दोन्ही मॉडेलं १:२४ ची आहेत, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी. खरी मिनी ३.०५ मीटर लांब, म्हणजे टेबलावर १२.७ सेंटिमीटर. चाकं दहा इंची, ती इथे जेमतेम साडेदहा मिलिमीटरची होतात.

आधी स्प्रिंट. साठच्या दशकात नेव्हिल ट्रिकेट यांनी शर्यतीसाठी मिनी अक्षरशः कापून बुटकी केली. छपराच्या खांबांतून दीड इंच काढला, कंबरेखालच्या, म्हणजे खिडक्यांखालच्या, बॉडीतून आणखी दीड इंच, आणि पत्र्याच्या बाहेर आलेल्या शिवणी काढून टाकल्या. मूळ मिनीच्या त्या शिवणी म्हणजे पत्रे एकमेकांना जोडताना बाहेर वळवलेल्या कडा. त्यामुळे कारखान्यात स्पॉट वेल्डिंग सोपं जायचं, पण वाऱ्याला त्या आडव्या येतात. त्या गेल्या की गाडीची बाजू एकदम गुळगुळीत होते. मिनीचं इतकं सुंदर दुसरं रूप माझ्या बघण्यात नाही.

आपल्या प्रमाणात दीड इंच म्हणजे १.६ मिलिमीटर. खांबांवर मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या लावल्या, मधे तेवढी फट ठेवली आणि रेझर सॉने, म्हणजे पातळ पात्याच्या बारीक करवतीने, टेपच्या कडेने कापलं. कापणं सोपं आहे. खरा प्रश्न त्यानंतर येतो. मिनीची पुढची काच मागे झुकलेली, मागची काच पुढे झुकलेली आणि बाजूही वर जाताना थोड्या आत येतात. म्हणजे छप्पर कंबरेपेक्षा सगळ्या बाजूंनी लहान. मधला तुकडा काढून छप्पर खाली आणलं की वरचे खांब खालच्यांवर बसतच नाहीत, आतल्या बाजूला पडतात. फरक मिलिमीटरच्या आतला असला तरी डोळ्याला लगेच खुपतो. यावर दोन उपाय आहेत: छप्पर आडवं कापून मधे पट्टी घालायची, किंवा खांब आणखी झुकवायचे. मी मागचे खांब जुळवून चिकटवले आणि पुढचे मुळाशी अर्धवट चिरून मागे कलवले. चिरेत स्टायरीन प्लॅस्टिकची पातळ पाचर आणि वर सुपरग्लू. काच जास्त तिरपी झाली, पण गाडीला त्यानेच वेगाचा भास येतो.

काचेचं काम वेगळंच. खऱ्या गाडीवर लॅमिनेटेड काच कापता येते, टफन्ड काच कापायला गेलं की तिचा चुरा होतो. किटमधला पारदर्शक भाग जाड होता म्हणून तो वापरलाच नाही. पातळ ॲसिटेट शीटमधून नवी काच कापली. मिनीच्या काचेचा बाक इतका हलका आहे की शीट बोटाने वाकवून बसते.

आता ट्विनी. ॲलेक इसिगोनिस यांनी १९५९ च्या मिनीत इंजिन आडवं ठेवलं, गिअरबॉक्स त्याच्याच खाली तेलाच्या टाकीत घातला आणि हा सगळा ऐवज, पुढची चाकं धरून, एका सबफ्रेमवर, म्हणजे बॉडीला खालून जोडलेल्या सुट्या सांगाड्यावर, चढवला. म्हणून तर लोकांना मिनीशी इतकं खेळता आलं. मागची सबफ्रेम काढा, तिथे पुढची आणखी एक लावा, स्टिअरिंगचे दांडे बॉडीला जखडून टाका. झाली दोन इंजिनांची, चारही चाकं ओढणारी गाडी. इसिगोनिस यांनी स्वतः मोकवर, म्हणजे मिनीच्याच भागांच्या उघड्या, जीपसारख्या गाडीवर, हा प्रयोग केला होता. १९६३ च्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीत जॉन व्हिटमोर आणि पॉल फ्रेर सिसिलीच्या डोंगरातून अशीच मिनी घेऊन धावले आणि तिथे मागचं इंजिन तापलं. पुढे मिनी कूपरवाले जॉन कूपर यांना इंग्लंडमधल्या किंग्स्टन बायपासवर दोन इंजिनांच्या मिनीत मोठा अपघात झाला, ते गंभीर जखमी झाले आणि ही कल्पना मागे पडली.

मॉडेल करताना एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी लागते. मागचं इंजिन उलटं फिरवून बसवता येत नाही, नाहीतर मागची चाकं उलट्या दिशेने फिरतील. पुढच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर (प्लगना वीज वाटून देणारा भाग) जाळीकडे आणि कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) केबिनकडे असतो. तोच जोड जसाच्या तसा मागे नेला की डिस्ट्रिब्युटर केबिनकडे येतो आणि कार्ब्युरेटर डिकीच्या झाकणाकडे जातो. डिकी उघडल्यावर पहिल्यांदा कार्ब्युरेटर दिसायला हवेत, म्हणून मी सगळ्यात जास्त वेळ त्यांनाच दिला: पितळी नळीचे तुकडे, तोंडं सुईने रुंद केलेली. प्लगच्या तारा तांब्याच्या, वर काळा रंग. त्या मात्र केबिनमधून बघाव्या लागतील, म्हणून मागची सीट गेली आणि मधला पत्रा सुटा ठेवलाय.

हवेचंही तसंच. पुढच्या इंजिनाचा रेडिएटर डाव्या अंगाला असतो, जाळीतून आलेली हवा पंखा मडगार्डच्या आत ढकलतो. बंद डिकीत तशी गार हवा मिळणं कठीण, तेव्हा मागचं इंजिन का तापलं असेल ते हे सुटे भाग हातात धरले की आपोआप कळतं.

या दोन्ही झाल्या की मिनी मार्कोस घेणार. फायबरग्लासची बॉडी, आत मिनीचेच भाग, आणि १९६६ च्या ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत शेवटपर्यंत टिकलेली ती एकमेव ब्रिटिश गाडी, पंधराव्या क्रमांकावर. आउटस्पॅन या संत्री विकणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीसाठी केलेली गोल संत्र्याची मिनीही मनात आहे. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर इतकं कमी, की जोरात ब्रेक मारल्यावर ती पुढे लोळू नये म्हणून मागे वजन भरावं लागलं!

त्याआधी स्प्रिंटचा कंबरेखालचा काप. दारं आणि डिकीचं झाकणही त्यात कापावं लागेल, म्हणून दारं आधी बॉडीला आतून पट्ट्या लावून घट्ट करतोय. पट्ट्या वाळल्या की टेप लावून रेघ आखायची.